बुटातला पुठ्ठा

पोरांनो, तुम्ही दोघांनी तिकडून पाठवलेला खोका मंगळवारी दुपारी पोचला. कुरिअरवाल्याने तो खाली वॉचमनकडे ठेवला होता, मी जाऊन वर आणला. आत काय असणार हे उघडायच्या आधीच कळलं, कारण असे खोके मी पूर्वी बरेच उघडले आहेत. गुलाबी सॅटिनचे बॅलेचे बूट, वेगळ्या पिशवीत रिबिनी, आणि तुमची चिठ्ठी: "ताई, आता सुट्टी पुरे झाली."

ताईने नाच का सोडला हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना जे माहीत आहे ते एवढंच: तिने खराब झालेले बूट स्वतःच दुरुस्त करायचा वेडेपणा केला, पडली, पायाचं हाड मोडलं, आणि आत्याने, म्हणजे माझ्या मुलीने, ताईच्या आईने, नाच बंद केला. यातला पहिला भाग खोटा आहे. तो दोन वर्षं टिकला याला कारण मी आहे. हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला फार व्यवस्थित लिहिता येतं, आणि व्यवस्थित लिहिताना माझ्याकडून गोष्टी झाकल्या जातात.

ताई बारावीनंतर माझ्याकडे पनवेलला आली. फार्मसीच्या कॉलेजात तिला इथे जागा मिळाली, आणि त्याच सुमारास तिच्या बाबांची नाशिकला बदली झाली. मुंबईत असताना ती सातव्या वर्षापासून बॅले शिकत होती. नाशिकला जायच्या आधी आत्याने मला समोर बसवून अटी सांगितल्या. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. एकाही विषयात नापास होऊन केटी लागता कामा नये. आणि हे सगळं मी बघायचं.

"तू आहेस म्हणून मी हो म्हणते आहे, आई," ती म्हणाली. "तिच्यावर माझा भरवसा नाही, तुझ्यावर आहे."

मला ते आवडलं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. माझ्या हाताखालून गेलेलं पुस्तक कधी चुकीच्या फळीवर गेलं नाही. ताईचं वेळापत्रक मी रंगीत पेन्सिलींनी आखलं आणि फ्रिजवर चिकटवलं. कॉलेज निळ्या रंगात, बॅले लाल, जर्नल लिहिण्याचा वेळ हिरवा. लाल चौकोन आठवड्याला तीनच होते, पण तिचा नाच त्यांच्या बाहेर सगळीकडे पसरलेला असायचा. सकाळी साडेपाचला ती स्वयंपाकघरात यायची आणि ओट्याची कड धरून व्यायाम करायची. क्लासमध्ये त्यासाठी भिंतीला लाकडी दांडा असतो, आमच्याकडे ओटा होता. मी एका बाजूला आमटीला फोडणी देत असे, दुसऱ्या बाजूला तिचा पाय माझ्या खांद्याच्या उंचीला आलेला असे. संध्याकाळी क्लासहून आली की पाय बर्फाच्या पाण्याच्या बादलीत आणि मांडीवर औषधशास्त्राचं पुस्तक. पुस्तकाची खालची पानं ओली होऊन फुगली होती. मला ते बघवत नसे.

क्लास रोडपालीला होता. एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल घेऊन, त्यात लाकडी जमीन टाकून एक बाई शिकवत. मुली त्यांना मिस म्हणत. कॉलेज साडेचारला सुटायचं, क्लास साडेपाचला सुरू व्हायचा, मध्ये कळंबोलीच्या सर्कलला बस अडकायची. ती बसमध्येच केस बांधून घ्यायची. डबा खायला वेळ नसायचा. ती बारीक होत चालली होती हे मला दिसत होतं, पण वेळापत्रकात सगळे चौकोन भरत होते, म्हणून मी काही बोलले नाही.

आता बुटांचं सांगते, कारण तुम्ही ते विकत घेतले असले तरी आतून पाहिलेले नसतील. या बुटांचं टोक लाकडाचं नसतं. कापड आणि खळ यांचे थर एकावर एक देऊन, वाळवून ते कडक केलेलं असतं. तळव्याखाली एक ताठ पट्टी असते. अंगठ्यांवर उभं राहायचं तर या दोन गोष्टी मुलीला तोलून धरतात. घामाने खळ मऊ होते, पट्टी वाकून वाकून मोडते, मग बूट निकामी होतात. ताई त्याला "मेले" म्हणायची. "आजी, हेही मेले," म्हणून ती तो जोड गॅलरीत खिळ्याला टांगून ठेवायची. तो खिळा मी तुमच्या आजोबांच्या छत्रीसाठी ठोकला होता. गॅलरीतून तेव्हा कर्नाळ्याचा सुळका दिसत असे. त्याच्यासमोर हे मेलेले जोड लटकत असत, आणि ती टाकूनही देत नसे.

असे बूट इथे सहज मिळत नाहीत, म्हणून तुमचे बाबा परदेशातून, तिकडून, नवे जोड पाठवत. त्या वर्षी गणपतीनंतर त्यांचा खोका कुठेतरी अडकला. ताईची बॅलेची परीक्षा डिसेंबरात होती, परदेशातून परीक्षक बाई येणार होत्या. त्यात ती पास झाली असती तर पदवीनंतर बाहेर पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करता आला असता. तिला फक्त तेवढंच हवं होतं. पदवी ती आत्यासाठी घेत होती. सेमिस्टरची परीक्षाही त्याच महिन्यात होती. आणि तिच्याकडे धड असा एकच जोड उरला होता, तोही दमटपणाने रोज थोडा थोडा मऊ होत होता.

"खोका कधी येईल गं?" ती विचारायची.

"येईल."

"मेलेल्यांपैकी एखादा जिवंत झाला तर बरं होईल," ती एकदा हसत म्हणाली.

ती थट्टा होती. पण खळ, कापड आणि पुठ्ठा हे माझं काम होतं. ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं बाहेर बांधायला द्यायची पद्धत होती, मी ती बंद करून स्वतः बांधायला शिकले होते. शेकडो पुस्तकं मी पुन्हा वापरात आणली. तिच्या गॅलरीतल्या त्या बुटांकडे बघून मला रोज वाटायचं, नीट हात फिरवला तर हे सहज उभे राहतील. खरं सांगायचं तर त्यात मदतीइतकाच रागही होता. चांगली वस्तू अशी टांगून वाया घालवणं मला सहन होत नव्हतं.

ती कॉलेजला गेल्यावर मी एक जोड काढला. आतलं अस्तर दाभणाने उसवलं, मोडलेली पट्टी काढली. बांधणीचा जाड पुठ्ठा माझ्याकडे होताच, त्याच्या तळाच्या आकाराच्या पट्ट्या कापल्या, दोन-दोन एकमेकींना चिकटवल्या आणि दोन दिवस शब्दकोशांखाली दाबून ठेवल्या. मैद्याची खळ केली, किडे लागू नयेत म्हणून पुस्तकांसाठी घालते तसं चिमूटभर निळं मोरचूद घातलं. टोकात आतून खळीचे तीन हात दिले. पंख्याखाली वाळवलं. पुढे फाटलेल्या सॅटिनवर तुकडा लावला, इतका बारीक टाका घातला की बोटालाच कळावा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कोन गावाहून येत. त्या लादी पुसता पुसता बघत होत्या. त्यांना ताईच्या नाचाचं भारी नवल होतं. "ती आंगठ्यावर उभी ऱ्हाते," त्या म्हणायच्या, "आनि मी दोन पायांवर उभी ऱ्हाऊन दमते."

त्या दिवशी त्या थांबल्या. "आजी, ह्ये तिनं सांगितलंय का तुमाला?"

"नाही. तिला कळू देऊ नका."

"ती म्हनते बूट मेलाय. मेलाय तर मेलाय. तुमी कशाला हात लावता?"

"मावशी, मी मोडलेली पुस्तकं उभी केली आहेत."

"पुस्तकावर कोन उभं ऱ्हात नाय," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जोड मी तिच्या पिशवीत ठेवला. बुधवार होता, फ्रिजवर लाल चौकोन.

त्या दिवशी तिची प्रॅक्टिकल परीक्षा लांबली. क्लासला ती उशिरा पोचली, घाईत पिशवी उघडली. तिचा मऊ जोड आणि माझा जोड. तिने माझा हातात घेतला, अंगठ्याने दाबून बघितला. कडक होता. हे तिने मला नंतर सांगितलं. पुढचं वाक्यही सांगितलं, "तू केलंयस म्हणजे नीटच असणार असं वाटलं."

पहिला अर्धा तास तो टिकला. मग उजव्या बुटातला पुठ्ठा मधोमध दुमडला. खरी पट्टी हळूहळू मऊ होते, नाचणारीला ते पायाखाली कळत असतं. पुस्तकाचा पुठ्ठा तसा मऊ होत नाही, एकदम मोडतो. घोटा बाहेर वळला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलं.

मिसनी तिला दवाखान्यात नेलं. प्लास्टर लागत असताना त्यांनी कात्रीने बूट कापून उघडला. आत राखाडी पुठ्ठा आणि निळसर खळ.

"हे कोणी केलं?"

"मी," ताई म्हणाली.

त्यांनी तीनदा विचारलं, तिने तीनदा तेच सांगितलं. मग त्यांनी नाशिकला फोन लावला. ताईला घरी सोडायला आल्या तेव्हा माझ्याशी दारातच दोन शब्द बोलल्या आणि गेल्या. जाताना ताईला म्हणाल्या, "पाय बरा होईल. पण जी मुलगी असा बूट घालून माझ्यासमोर उभी राहते, तिला मी पुन्हा शिकवू शकत नाही."

दार लावल्यावर ताईने मला सगळं सांगितलं. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुला बोलल्या असत्या. आणि आईला कळलं असतं तर तिने मला हॉस्टेलवर टाकलं असतं. जाऊ दे ना, आजी. मिस शांत होतील."

मला सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं मी हे वाक्य लिहायचं टाळत आले. पाय मोडलेली माझी नात समोर बसली होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पिशवीही खाली ठेवली नाही. मी जेवणाच्या टेबलाशी बिरड्यासाठी वाल सोलत होते. ताई समोर, प्लास्टरचा पाय खुर्चीवर.

"कोणी सांगितली होती ही कारागिरी?"

"कोणी नाही."

"फार्मसी शिकतेस ना तू? औषधं देणार लोकांना? आणि स्वतःच्या बुटात वहीचा पुठ्ठा घालतेस?"

"वहीचा नव्हता," ताई म्हणाली.

"मग कसला होता? सोन्याचा?"

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. हजेरीचा हिशोब आत्याने बसमध्येच केला होता. सहा आठवडे प्लास्टर, म्हणजे हजेरी पंच्याहत्तरच्या खाली. कॉलेजला विनंती केली तर बुडलेली प्रॅक्टिकल्स शनिवारी भरून काढू देतील, हे ती फोनवर विचारूनच आली होती.

"शनिवारी क्लास असतो," ताई म्हणाली.

"कुठला क्लास? डिग्री हातात येईपर्यंत नाच नाही. क्लासमध्ये नाही, घरात नाही, त्या ओट्यापाशी पण नाही. कळलं?"

"बरं."

"'बरं' नको. तुझं बरं मला माहिती आहे. आजीच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल."

आमच्या घरात कोणी नवस बोलत नाही, उपास करत नाही. आत्या इंजिनिअर आहे. पण ही पद्धत माझीच. तुमचे बाबा आणि आत्या लहान असताना गृहपाठ झाला का, मार्क खरे का, हे मी असंच विचारत असे: माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. मला वाटायचं ही मुलांना खरं बोलायला लावायची सोपी युक्ती आहे.

ताई टेबलाला धरून उठली, एका पायावर उड्या मारत माझ्या खुर्चीमागे आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला दवाखान्याचा वास येत होता. तोल सावरण्यासाठी तिला थोडा भार द्यावा लागला, तो मला मानेत जाणवला.

"डिग्री मिळेपर्यंत मी नाचणार नाही."

मी वाल सोलत राहिले. मनाशी म्हटलं, आत्या जेवली की सांगते. मग म्हटलं, चहा झाला की. चारच्या बसने ती गेली.

पुढे अकरा दिवस गेले. बारा वाजता मी तिला जेवायला वाढायची, चारला गोळी द्यायची. ती जर्नलं लिहायची. आमच्यात त्या विषयावर एक शब्द झाला नाही. मग एका सकाळी मावशींनी कपाटामागून केर काढला, त्यात कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडा आणि खळीचा वाळलेला कुंचला निघाला.

"ह्ये ठिवू का टाकू?"

"टाका."

त्यांनी ते सुपलीत घेतलं, पण हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पोरीनं तुमचं नाव नाय घेतलं. हाय ना?"

मी त्याच दुपारी रिक्षाने रोडपालीला गेले. हॉलमध्ये लहान मुलींचा वर्ग सुटत होता. मी मिसना सगळं सांगितलं, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कशा कापल्या इथपासून.

"तो टाका बघितला तेव्हा मला वाटलंच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची मुलगी असा टाका घालत नाही."

"मग तुम्ही..."

"मी तीनदा विचारलं, मॅडम. तीनदा. आणि तुमच्या फोनची वाट बघितली." त्यांनी चेहरा पुसला. "प्लास्टर निघालं की पाठवा तिला. परीक्षा या वर्षी होणार नाही, पण आधी बसून, मग दांड्याशी, असं सुरू करू. मी घेते तिला."

घरी येताना मी रिक्षात काय बोलायचं याची तयारी करत होते. आधी आत्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"आई, झालं?" आत्या म्हणाली. "तिने रडून भरीला घातलं ना तुला?"

"तिला माहीतही नाही मी फोन केलाय ते."

"तू अशी चूक करशील? तू? तुझ्या हातून कधी कपाटाची किल्ली चुकीच्या खणात गेली नाही. कशाला तिला पाठीशी घालतेस?"

मी पुन्हा सांगितलं. मोरचुदाचंही सांगितलं. ती म्हणाली, "ताईनेच पढवलं असेल," आणि मग बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना, असं विचारलं. माझी आयुष्यभराची नीटनेटकेपणाची कीर्ती अशी माझ्याच विरुद्ध उभी राहिली.

ताईला सांगितलं तेव्हा ती प्लास्टरच्या कडेने फूटपट्टी घालून खाजवत होती. मिस घेणार म्हटल्यावर तिचा चेहरा एकदा उजळला. एकदाच. मग ती म्हणाली, "पण मी तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय."

"मी मानत नाही असलं काही. मी परत घेते ती शपथ."

"मी तरी कुठे मानते?"

"मग?"

"तुझं बीपी एकशेसत्तरला गेलं होतं ना मे महिन्यात? मी नाचायला लागले आणि तुला काही झालं तर? मला माहितीये त्याचा संबंध नाही. पण मला ते आयुष्यभर वाटत राहील, आजी."

मी पुष्कळ बोलले. तिला कॉलेजात शिकवलेलंच तिला सांगितलं, कारण आणि परिणाम. ती ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली, आणि शनिवारी वॉकर घेऊन प्रॅक्टिकलला गेली.

याला दोन वर्षं होऊन गेली. तिला एकही केटी लागलेली नाही. आता शेवटचं वर्ष आहे. ती ओट्यापाशी येते तेव्हा चहाचा कप घेऊन दोन पावलं लांब उभी राहते. वरच्या फळीवरचा डबा हवा असेल तर स्टूल ओढते. पूर्वी ती चवड्यांवर उभी राहून सहज काढायची. मिस अधूनमधून विचारत असत. गेल्या वर्षी त्यांनी हॉल सोडला आणि त्या दुसऱ्या शहरात गेल्या. पदवी मिळायला अजून काही महिने आहेत. तोपर्यंत तिला बाविसावं लागलेलं असेल, आणि त्या पायाला किती आठवत असेल हे मला विचारायचं धाडस होत नाही.

तर तुमचा खोका. मी तो टेबलावर ठेवला आणि ती कॉलेजहून आल्यावर समोर सरकवला. तिने चिठ्ठी वाचली. एक बूट काढला, तळ दोन्ही हातांनी वाकवून बघितला, टोक अंगठ्याने दाबलं. मग खुर्चीत बसल्या बसल्या उजवा मोजा काढला आणि पाय बुटात घातला. टाच जमिनीला टेकलेलीच ठेवली, उभी राहिली नाही. थोडा वेळ ती त्या पायाकडे बघत होती. मग बूट काढला, कागदात गुंडाळला आणि झाकण लावलं.

"त्यांना कळव," ती मला म्हणाली, "माप बसत नाही म्हणून. नाहीतर पुन्हा पाठवतील बिचारे."

मी हो म्हटलं. पण गेल्या वेळी गप्प राहून मी एक खोटं चालू दिलं, आता दुसरं माझ्या हाताने लिहिणार नाही. माप बरोबर आहे. पाय आत नीट गेला. मी समोर बसले होते.